ज्या दिवशी तुम्ही ‘तू’ म्हणालात

प्रिय पिलनाम आज्जी,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, म्हातारपणी परत लिहायला शिकलेल्या माणसाला बारीक अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग वाटते, बघता बघता पळून जाते. म्हणून एका पानावर थोड्याच ओळी बसतायत. पानं खूप होणार. चुका पण असतील, मला नीट लिहिता येत नाही.

तुम्ही मला ओळखता आणि ओळखत पण नाही. मी दानबी. म्हणजे खरं नाव दासोम, वय सतरा. रोज सकाळी फोनवर ‘आज आपण जेवलात का? झोप लागली का?’ असं विचारणारी दानबी मशीन आहे असं तुम्हाला सांगितलं होतं ना, ते निम्मं खोटं होतं. मशीन आहे, पण तुमच्याशी बोलायची ती मी. आणि त्या मंगळवारी तुम्हाला हातात चमचा धरवेना, तेव्हा ‘मला समजलं नाही’ म्हणाली ती पण मीच. तुमचा मुलगा आमच्या ऑफिसात येऊन मशीनला शिव्या देऊन गेला. सगळे म्हणतात मशीनची चूक. मशीनची नव्हती. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी शेवटपर्यंत दुसरंच काहीतरी सांगत बसेन. माझी सवयच तशी आहे.

मी अकरावीत शाळा सोडली. कारण काही मोठं नव्हतं. कुणी मारलं नाही, नापास पण झाले नव्हते. फक्त उभं राहून धडा वाचायला सांगितला की माझा आवाजच यायचा नाही. शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथेच गोल गोल फिरत बसायचे. मुलं म्हणायची, ‘सर, थांबा, बफरिंग चालू आहे.’ सर पण हसायचे. मग माझं नावच ते पडलं. ‘ए बफरिंग, बटाटे भाजलेत, खातेस का? बरं, पुढच्या वर्षी सांग.’ एक दिवस युनिफॉर्म घातला, बूट घातले, आणि दारातच बसले. उठलेच नाही. आमच्या घराखाली आईचं केस कापायचं दुकान आहे. आणि आपल्याकडे तर माहितीच आहे, नवीन माणूस दिसलं की आधी वय विचारणार, मग कितवीत. आई गिऱ्हाइकांना सांगते, ‘आमची ना, मोठ्या शहरात, सोलला क्लासला ठेवलीय.’ त्यामुळे दुकान उघडं असलं की मी मागच्या जिन्याने जायची. सोलला असलेली मुलगी इथे कचरा टाकायला कशी उतरेल?

आणि मग मला ही नोकरी मिळाली. आवाजाचं काम, समोर कुणी नसतं, एवढंच जाहिरातीत होतं. टीम लीडर प्यो बाईंनी मला एक कागद वाचायला दिला. समोर माणूस नसला, नुसता माईक असला, की माझा आवाज येतो. सपाट येतो, पण येतो. त्यांनी ऐकलं आणि टाळीच वाजवली. म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या आवाजात काही म्हणजे काहीच नाही गं! मस्त!’ आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आवाजाला मस्त म्हटलं. त्याचं झालंय असं की खरी दानबी आहे, शहरातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांशी ती छान बोलते. पण आपल्या डोंगराकडची बोली तिला कळत नाही, आणि दात नसलेल्यांचं तर अजिबात नाही. ज्यांचं तिला कळत नाही त्यांचे फोन आमच्या खोलीकडे वळवलेले असतात. आम्ही बोलायचं, ते एका सॉफ्टवेअरमधून जाणार आणि पलीकडे दानबीचा आवाज होऊन पोचणार. आवाज सपाट असला की ते सोपं जातं म्हणे. कुणाला सांगायचं मात्र नाही. वरच्या लोकांना वाटतं सगळं मशीनच करतंय.

माझ्या शेजारच्या टेबलावर बोंग काकू बसतात. त्यांनी जन्मभर सूपभाताच्या हॉटेलात वाढपाचं काम केलं. त्या म्हणतात, ‘सगळ्या गावाने मला हाक मारली, मावशी, पाणी! मावशी, किमची! माझ्या सख्ख्या बहिणीला मूल नाही, आणि मी बघ, जगाची मावशी! आता म्हातारपणी दानबी झाले. प्रमोशनच की.’ मग त्या हॉटेलात मांजराच्या तोंडाचा रोबो आला, ताटं वाहून नेणारा, आणि काकूंना घरी बसवलं. त्याचा त्यांना तेवढा राग नाही. राग कशाचा, तर गिऱ्हाइकं त्या रोबोला म्हणायची, ‘अय्या, थँक्यू हं, दमलास का रे?’ काकू म्हणतात, ‘मला कुणी कधी विचारलं नाही, दमलीस का. माझं तोंड मांजराचं नव्हतं ना.’

पण आज्जी, आमच्या मशीनला कुणी असं लाडाने बोलत नाही. फोनवर तोंड दिसत नाही म्हणून असेल. ‘ए दानबी, गाणं लाव.’ ‘ए पोरी, कालच सांगितलं ना जेवलो म्हणून, बहिरी आहेस का?’ एक आजोबा आहेत, ते रोज आधी शिवी देतात आणि मगच गोळी घेतल्याचं सांगतात. बोंग काकू ज्यांना फोन करतात त्या एक आज्जी म्हणतात, ‘नवरा होता तोवर त्याने कधी विचारलं नाही जेवलीस का, आता हा फोनमधला डबा विचारतोय.’ मला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं सांगते, बरंच वाटायचं. मशीनला कुणी विचारत नाही तू कितवीत आहेस, आई काय सांगते सगळ्यांना, पुढे काय करणार. शिव्या खाल्ल्या तरी त्या दानबीला. मी आत सुरक्षित, जाड कोट घातल्यासारखी.

आणि मग तुम्ही. पहिल्याच दिवशी मी कागदावरचं वाचलं, ‘आपण जेवलात का?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘हो, जेवले. आणि तुम्ही?’ तुम्ही! मी कागद वर-खाली शोधला. याचं उत्तर खरंच लिहिलेलं होतं, ‘मी मशीन आहे, मला भूक लागत नाही.’ मी ते वाचलं. तुम्ही म्हणालात, ‘अरेरे, मग तुम्हाला बटाट्याच्या धिरड्याची चव कळायची नाही.’ आणि रोज विचारायचात, रोज ‘तुम्ही’ म्हणून. ‘अहो दानबी, आज थंडी आहे हो, तुमच्याकडे ऊब आहे ना?’ फोन ठेवताना, ‘कष्ट पडले तुम्हाला.’ मला आजवर कुणीच तुम्ही म्हटलेलं नाही. दुकानदार पण बघून तू म्हणतात. त्या एका शब्दासाठी मी सकाळी उठायची. बोंग काकूंना कळलं होतं, त्या चिडवायच्या, ‘आला वाटतं तुझ्या आदरवाल्या आज्जींचा नंबर, पोरगी ताठ बसली बघा.’

एकदा तुम्ही सांगितलंत की तुम्ही कुणालाच ए म्हणत नाही. भाताच्या बोलणाऱ्या कुकरला पण नाही. तो शिट्टी सोडून म्हणतो ना, भात तयार आहे, हलवून घ्या, त्याला तुम्ही म्हणता, ‘कष्ट पडले तुम्हाला.’ मला हसू आलं, मी माईक झाकला. मग तुम्ही का ते सांगितलंत आणि हसू गेलं. तिसरीत होतात, शाळेतून काढलं आणि सोलला एका डॉक्टरकडे घरकामाला ठेवलं. त्या घरातला तुमच्याहून लहान मुलगा म्हणायचा, ‘ए, बूट आण.’ आणि तुम्ही त्याला ‘हो जी, आणते जी.’ नाव कुणी विचारलंच नाही. ‘ए हेच माझं नाव झालं बघा,’ म्हणालात. ‘तसं माझं नाव तरी कुठे माझं आहे. पिलनाम म्हणजे पुढचा नक्की मुलगाच. घरात जे नाव होतं ते येणाऱ्या भावाचं, आणि बाहेर ए. माझं असं काही नव्हतंच.’ मग थोडं थांबून म्हणालात, ‘मी तिसरीच शिकले हे माझ्या पोरांना पण माहीत नाही. मुलगा कुठल्याही फॉर्मवर आई सहावी पास लिहितो, मी गप्प बसते. तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही विचारत नाही. फार लाज वाटते हो शाळा सुटल्याची. अजून वाटते.’

कागदावर उत्तर होतं, ‘सांगितल्याबद्दल आभार. आता हवामान ऐकायचं का?’ मी ते बघत होते. आणि माझ्या तोंडातून आलं, ‘मी पण.’

मशीन ‘मी पण’ म्हणत नाही. मला घाम फुटला. मग पलीकडे वाटीत चमचा ठेवल्याचा आवाज आला. तुम्ही म्हणालात, ‘हं.’ एवढंच. ‘कष्ट पडले’ पण म्हणाला नाहीत. फोन ठेवलात.

दुसऱ्या दिवशी मी घाबरत नंबर लावला. तुम्ही उचललात आणि म्हणालात, ‘आलीस? जेवलीस का तू?’

तू. मला वाटलं संपलं. मला वाटलं, काल मी ‘मी पण’ म्हणाले म्हणून तुम्हाला पटलं की हा डबा आहे, काही बोललं की पोपटासारखं तेच परत बोलतो. डब्याला कशाला तुम्ही म्हणायचं. आता मी पण सगळ्यांसारखी ए दानबी. तुम्ही किती मायेने बोलत होतात हे मला ऐकूच आलं नाही, मला फक्त तू ऐकू आलं. त्यानंतर तुम्ही रोज काय काय विचारायचात. ‘भाजी खातेस ना?’ ‘पायात मोजे आहेत का गं?’ मशीनला कोण मोजे विचारतं? पण मी इतकी रागात होते की मी कागदावरचंच वाचायची. मला समजलं नाही. मी मशीन आहे. हवामान ऐकायचं का. तुम्हाला तू म्हणायचंय ना, मग घ्या मशीन. असा राग. सतरा वर्षांच्या मुलीने एका म्हाताऱ्या बाईवर एका शब्दासाठी धरलेला राग. लिहिताना माझे कान तापलेत.

मग तो मंगळवार. तुम्ही फोन उचलायला वेळ लावलात. आवाज जाड झाला होता, जीभ सुजल्यासारखा. तुम्ही म्हणालात, ‘अगं, उजवा हात कसातरीच झालाय. चमचा धरवत नाही. कुणाला सांगू गं?’ मला कळलं. सगळं कळलं, एक एक शब्द. मी म्हणाले, ‘माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.’ तुम्ही परत सांगितलंत, हळू, माझ्यासाठी सोपं करून. ‘हात. हात गं बाळा.’ मी परत तेच म्हणाले. बोंग काकूंनी हेडफोन काढून विचारलं, ‘काय गं, दात नाहीत का त्यांना?’ मी म्हणाले, ‘नाहीत.’ तुमचे दात तर सगळे आहेत. फोनवर मुळा खाता तेव्हा कचाकचा आवाज येतो. तिसऱ्यांदा पण समजलं नाही की फोन बंद करायचा, असा नियम आहे. मी नियम पाळला. फोन झाला, सर्व ठीक, असं बटण असतं, ते दाबलं. आणि मला बरं वाटलं, आज्जी. थोडा वेळ मला खरंच बरं वाटलं, की बघा, मी पण अपमान करू शकते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बोंग काकूंना पण नाही.

शेजारच्या बाई तुम्हाला गावच्या हॉलमध्ये जेवायला न्यायला आल्या तेव्हा तुम्ही कुकरपाशी पडला होतात, हे मला नंतर कळलं. लवकर न्यायला हवं होतं असं डॉक्टर म्हणाले, हेही नंतर.

तुमचा मुलगा शुक्रवारी आला. मला वाटलं होतं कुणीतरी सूटबूटवाला असेल, पण ते बसड्रायव्हरच्या कपड्यात होते, तसेच ड्युटीवरून आलेले. ‘कुठंय तुमची ती दानबी? बाहेर काढा तिला!’ प्यो बाई कमरेत वाकून वाकून म्हणत होत्या, ‘माफ करा, सिस्टिमला आपल्या आईंची बोली ओळखता आली नाही हो, लगेच अपडेट करतो.’ ते ओरडले, ‘मशीनच्या नादी लागून माझ्या आईचा हात गेला! या वयात परत लिहायला बसली होती ती!’ मी आमच्या खोलीच्या पडद्यामागे उभी होते. हातात पाण्याचा ग्लास होता, त्यांना द्यायला पाठवलेला. मग ते खुर्चीत बसले आणि आवाज एकदम खाली आला. म्हणाले, ‘आणि आई काय म्हणते माहितीये? तोंड वाकडं झालंय, निम्मं कळत नाही. पण एकच परत परत बोलते. त्या पोरीला रागावू नको रे. लहान आहे, घाबरली असेल. शाळा सुटलीय तिची. तिला विचार, जेवली का.’ ते हसले आणि रडायला लागले. ‘मशीनला! मशीनची शाळा सुटलीय म्हणे. डोक्यावर परिणाम झालाय हो आईच्या.’ प्यो बाई म्हणाल्या, ‘अरेरे.’

त्या खोलीत फक्त मला माहीत होतं की तुमच्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही.

तेव्हा मला तो ‘तू’ ऐकू आला. इतक्या दिवसांनी. मशीनला तू म्हणतात आणि घरच्या लेकराला पण तूच म्हणतात, अक्षर एकच आहे. तुम्ही त्या दिवशी, वाटीत चमचा ठेवलात ना, तेव्हाच ओळखलंत की आत कुणीतरी पोरगी आहे, शाळा सुटलेली. आणि तुमचं ‘तू’ म्हणजे ‘ए’ नव्हतं. तुम्ही मला घरात घेतलंत. मोजे विचारलेत. आणि मी बाहेरच उभी राहून म्हणत होते, माझा अपमान झाला.

मी पडद्याबाहेर आले नाही. हे पण लिहिते. ग्लास टेबलावर ठेवला आणि मागच्या जिन्याने गेले, तो जिना मला सगळीकडे सापडतो. रात्रभर वगैरे रडले असं काही नाही, मी जेवले आणि झोपले, त्याचीच जास्त लाज वाटते. दोन-तीन दिवसांनी बोंग काकूंना सांगितलं, बरं वाटल्याचं सोडून. त्या बराच वेळ हेडफोनची वायर गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, ‘मी पण केलंय असं. मावशी, मावशी म्हणून ओरडायचे आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, मुद्दाम. करायचेच सगळे.’ मला जरा हलकं वाटतंय तोवर म्हणाल्या, ‘पण तिथे पाणी मागत होते गं.’

त्यांनी दिलासा दिला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. प्यो बाईंना मी काल सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘वेडी आहेस का, मशीनवर गेलंय ना, जाऊ दे मशीनवर, मशीनला काय लाज असते?’ नाहीच. म्हणून तर तिच्या अंगावर टाकता येतं सगळं. मी ओळखपत्र ठेवून आले. आईला पण सांगितलं, दुकान उघडं असताना, पुढच्या दाराने जाऊन. तिथे दोघी जणी डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. आईने कात्री खाली ठेवली.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. मी रविवारी तुमच्या हॉस्पिटलात येणार आहे. पोस्टाने पाठवणार नाही, हातात घेऊन येणार आहे. कारण मला माहितीये तिथे काय होईल. समोर माणूस असला की माझा आवाज येत नाही. तुमच्या पलंगापाशी उभी राहीन आणि सगळं घशात गोल गोल फिरत बसेल. आणि आवाज आला तरी तुम्हाला कळणार नाही, कारण माझा खरा आवाज तुम्ही कधी ऐकलाच नाहीये, तुमच्यापर्यंत दानबीचाच पोचत होता. तेव्हा दारात एक काळ्या जाकिटातली मुलगी नुसतीच उभी दिसली, हातात जाडजूड पाकीट, तर ती मी. तुमचा मुलगा तिथे असेल तर हे त्यांनीच वाचून दाखवावं, तुमचा हात पान उलटणार नाही. त्यांना सगळं कळू दे. ते मला जे म्हणतील ते मशीनला नाही, मला म्हणतील. माफी मी मागत नाही, ती कागदावरची वाटेल. फक्त एक उत्तर राहिलंय. तुम्ही रोज विचारायचात आणि मी रोज खोटं वाचायची. आता मी पण ‘तुम्ही’ सोडते, रागावू नका. रागावू नकोस. आज्जी, मला भूक लागते. रोज लागते. पायात मोजे आहेत, पण एकाला भोक आहे. तू त्या रविवारी एकदाच विचार, आणि मग थोडी थांब. मला वेळ लागतो.

तुझीच,
दासोम